सदर इसमापासून धोका नाही

आमच्या भागात लग्नाला गेलेल्या माणसाची पत त्याला कुठं बसवतात त्यावरून ठरते. सर्वांत पुढं पांढऱ्या खोळीचे सोफे. ते आमदार, कारखान्याचे संचालक आणि ज्यांचा धंदा नक्की काय हे कुणी विचारत नाही अशा कडक इस्त्रीतल्या मंडळींसाठी. त्यामागं गादीच्या खुर्च्या, त्यामागं प्लॅस्टिकच्या, मग आचारी, मग जनरेटर. एका वैशाखात मी जनरेटरच्या पलीकडं होतो. मंगलाष्टकं संपली हे मला डिझेलच्या धुरातून पुढच्यांचे हात वर गेलेले दिसले तेव्हा कळलं. माझ्या अक्षता आचाऱ्याच्या टोपीवर पडल्या.

तेवढ्यात उशिरा आलेल्या एका गृहस्थाला चार जण हात धरून थेट सोफ्याकडं घेऊन गेले. तालुक्याच्या गावी माझं खतं, बियाणं आणि कीटकनाशकांचं दुकान आहे आणि या गृहस्थाकडं माझी युरियापासून ठिबकच्या नळीपर्यंत सगळी उधारी आहे. तो सोफ्यावर टेकला तसा त्याच्या शर्टाखाली कमरेवर एक फुगवटा उठला. माझा मेहुणा शेजारी होता. तो कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, लायसनवाला हाय."

झालं. जेवणावळीत आमरसाच्या दुसऱ्या वाटीपर्यंत माझा निश्चय पक्का झाला होता.

घरी आल्यावर सौभाग्यवतींच्या कानावर घातलं. त्या कपाळाला हात न लावता शांतपणे म्हणाल्या, "अहो, रोज सकाळी अख्खं घर तुमचा चष्मा शोधत असतं. उद्या पिस्तूल सापडेना झालं तर शोधायला कुणाला बोलवायचं, पोलिसांना?"

आपल्याकडं शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, सरकारची मर्जी आहे. १८७८ साली इंग्रजांनी शस्त्र कायदा केला, कारण हिंदी माणसाच्या हाती बंदूक आली तर तो साहेबावर झाडेल अशी त्यांना धास्ती होती. १९५९ साली आपण आपला स्वतंत्र कायदा केला. त्यामागची धास्ती बहुधा अशी, की हा माणूस स्वतःच्याच पायावर झाडून घेईल. माझ्यापुरतं बोलायचं तर स्वराज्याला माणसांची पारख जास्त आहे. पुढं २०१६ साली नवे नियम आले आणि त्यांत अर्ज, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षणाचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र असं सगळं रीतसर झालं. या साऱ्या कागदांचा अर्क दोन वाक्यांत सांगता येतो. अर्जदाराच्या जिवाला किंवा मालाला धोका आहे हे त्यानं दाखवायचं, आणि अर्जदारापासून कुणाच्या जिवाला धोका नाही हे इतरांनी सांगायचं. पहिली गोष्ट दाखवताना माझा घाम निघाला. दुसऱ्या गोष्टीसाठी साक्षीदारांची रांग लागली.

चौकशीला हवालदार घरी आले. चहा घेतला, खारी बुडवली आणि कागद पुढं ओढला.

"धोका कुणाकडनं?"

"तसं म्हटलं तर कुणाकडूनही असू शकतो."

"नाव सांगा."

"नाव असं एकदम..."

"भाऊबंदकी?"

"भाऊ पुण्याला असतो. दिवाळीला येतो आणि चिवडा घेऊन जातो."

"बांधाचं भांडण?"

"शेत वाट्यानं दिलंय. वाटेकरी जेवढं देतो तेवढं घेतो."

"उधारीवाले?"

"ते मला बघून गल्ली बदलतात."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हंजी धोका त्यांना हाय. अर्ज त्यांनी करायला पायजे."

"कुणी धमकी वगैरे दिलीय का?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मी देते की रोज," आतून आवाज आला. "घ्या लिहून."

जाताना ते दुकानावरून गेले. मागच्या फळ्यांवरच्या लाल त्रिकोणाच्या बाटल्या बघून म्हणाले, "मालक, ह्यातलं एक टोपण उघडलं तर आळी झोपंल. तुम्हाला बंदूक कशाला?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं, पण पांढऱ्या खोळीचा सोफा हे कारण अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

मग शत्रू शोधणं आलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एकही शत्रू नसावा ही गोष्ट मी आजवर पुण्याई समजत होतो. आता तिची लाज वाटू लागली. गावात ज्यांना मी दुष्ट समजायचो त्या एकेकाची उजळणी केली. त्यातल्या एकालाही माझ्याविषयी काही वाटत नव्हतं. सोसायटीच्या निवडणुकीत मी ज्याच्या विरोधात मत दिलं होतं त्याला जाऊन मुद्दाम तसं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे हो, तुमच्या मतानं काय होतंय." मेहुणा मदतीला धावला. "दाजी, रात्री मीच अनोळखी नंबरवरनं धमकी देतो, तुम्ही तक्रार ठोका." मी नको म्हणत असताना त्यानं ते केलंही. रात्री फोन वाजला. घोगऱ्या आवाजात "तुला उडवीन" असं ऐकू आलं, आणि पाठोपाठ सवयीनं, "ताईला सांगा, ऐतवारी जेवायला येतोय."

शेवटी अर्ज तरला तो रोकडीवर. धंद्यामुळं जीव आणि माल राखण्याची ज्यांना खरोखर गरज आहे त्यांचा विचार करावा असं नियमांतच आहे. मृगाच्या तोंडाला आमच्या दुकानात पैसा येतो आणि तो जिल्ह्याच्या गावी बँकेत न्यायचा असतो. मी तो खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून एसटीनं नेतो आणि त्या पोत्याकडं आजवर एकाही दरोडेखोरानं मान वळवून पाहिलेलं नाही, हे मात्र अर्जात लिहिलं नाही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं माझ्या स्वभावाची चौकशी झाली. समोरच्या काकांना विचारलं, "भांडखोर आहेत का?"

काका म्हणाले, "भांडतात अधूनमधून. जिंकत नाहीत."

अहवालात ही सगळी जन्मभराची कमाई एका ओळीत आली होती : "सदर इसम शांत स्वभावाचा असून त्याचेपासून कोणासही धोका संभवत नाही." काम होण्यासाठी हीच ओळ हवी होती. तरी वाचून जेवण गेलं नाही.

वैद्यकीय दाखल्यात शरीराबरोबर मनही तपासतात. नशापाणी नाही ना, डोकं ठिकाणावर आहे ना, हे डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, "राग येतो का?"

"येतो."

"मग काय करता?"

"दुकानात जाऊन बसतो."

"आणि दुकानात आला तर?"

"घरी येतो."

त्यांनी सौभाग्यवतींकडं पाहिलं. "हे कधी हिंसक होतात?"

"मच्छर मारायलासुद्धा मला उठवतात," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी पुढचे प्रश्न न विचारताच शिक्का मारला.

शस्त्र हाताळण्याचं शिक्षण द्यायला एक निवृत्त सुभेदार होते. पहिल्या दिवशी त्यांनी हातात काहीच दिलं नाही, नुसते नियम पाठ करून घेतले. हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं. नळी सुरक्षित दिशेला. झाडायचं नक्की होईपर्यंत बोट घोड्यावर ठेवायचं नाही. निशाणापलीकडं काय आहे ते आधी बघायचं. हे चार नियम इतके चोख आहेत की लग्नाच्या बोलणीला जाणाऱ्यांनाही पाठ करायला लावावेत.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष नेम. रिव्हॉल्वरला मागं एक खाच असते, पुढं एक टोक असतं. खाचेतून टोक, टोकावर निशाण असं एका रेषेत आणायचं. माझा चष्मा वरून लांबचा आणि खालून जवळचा. खालून पाहिलं की टोक स्वच्छ, निशाण गायब. वरून पाहिलं की निशाण स्वच्छ, टोक गायब. दोन्ही साधायला मी मान वरखाली करू लागलो तेव्हा सुभेदार म्हणाले, "नमस्कार कुणाला चाललाय?" कानांवर आवाज रोखणारी टोपणं होती, त्यामुळं मला वाटलं "नेम सुंदर चाललाय" म्हणाले. मी हुरूप येऊन घोडा ओढला. हाताला झटका बसला, डोळे आपोआप मिटले, आणि शेजारच्या तरुणाच्या कागदावर त्यानं झाडल्या होत्या त्यापेक्षा जास्त भोकं निघाली. सुभेदारांनी त्याची पाठ थोपटली.

माझ्या दाखल्यावर सही करताना ते जरा थांबले. मग म्हणाले, "तुम्ही समोरच्यावर झाडलं तर समोरच्याला काही होणार नाही. आजूबाजूच्यांनी मात्र सांभाळावं."

अर्ज केला तेव्हा वाटेकऱ्याच्या शेतात उसाची लागण होती. परवाना हातात आला तेव्हा खोडव्याला तोड आली होती.

बंदुकीच्या दुकानाविषयी माझ्या कल्पना सिनेमातल्या. जिल्ह्याच्या गावातलं ते दुकान म्हणजे सायकलवाला आणि स्टोव्ह दुरुस्तीवाला यांच्यामध्ये अडकलेली एक काळोखी खोली निघाली. माकडं आणि रानडुकरं हाकलायला शेतकरी नेतात त्या छऱ्याच्या बंदुका भिंतीला टेकवलेल्या, वर देवाचा फोटो, गल्ल्यावर पेंगणारे मालक. परवाना पाहून त्यांनी एक डोळा उघडला.

"नवं का जुनं?"

मेहुणा पुढं सरसावला. "नाईन एमएम दाखवा."

मालकांनी दुसराही डोळा उघडला आणि उठून शटर अर्धं खाली ओढलं. ९ मिलिमीटर, .३८, .४५५ ही मापं सामान्य माणसाला मनाई असलेल्या यादीत आहेत, सैन्य-पोलिसांची. आपल्या वाट्याला येतं ते .३२ किंवा .२२. त्यातही .३२ म्हणजे एकच असं नाही. रिव्हॉल्वरचं काडतूस लांब, बुडाशी कडा असलेलं, पिस्तुलाचं आखूड. दोघांचं नाव ३२ आणि एकाचं दुसऱ्यात जात नाही. आम्ही सगळ्यालाच पिस्तूल म्हणतो हे ऐकून मालकांनी सुस्कारा सोडला. चक्री फिरते ते रिव्हॉल्वर, मुठीत मॅगझिन सरकतं ते पिस्तूल, पहिल्यांदा घेणाऱ्यानं रिव्हॉल्वर घ्यावं, असं त्यांचं मत. का, तर काडतूस वाजलं नाही तर पुन्हा घोडा ओढला की चक्री पुढं सरकते, नवशिक्याला फार डोकं चालवावं लागत नाही. हे बोलताना ते माझ्याकडं बघत होते.

"नवं केवढ्याला?" मी विचारलं.

नव्याचे कारखाने बरीच वर्षं सरकारीच. २०१४ साली कानपूरला 'निर्भीक' नावाचं स्त्रियांसाठीचं हलकं रिव्हॉल्वर काढलं, अर्ध्या किलोचं, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. वरचे साठ रुपये कशाचे, असं मी विचारलं. मेहुणा म्हणाला, "हळदीकुंकवाचे." २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. त्यातल्या कानपूरच्या कंपनीनं २०२३ मध्ये 'प्रबल' आणलं, ७०० ग्रॅम वजनाचं, ५० मीटरपर्यंत मारा करणारं. इशापूरला 'निडर' म्हणून एक छोटं .२२चं होतं. ही विशेषणं आजवर मला कुणी लावली नव्हती. इथं विकत मिळत होती.

"आणि जुनं?"

मालकांनी कपाट उघडलं, पिवळं फडकं सोडलं आणि एक वेबली अँड स्कॉट काउंटरवर ठेवलं. किंमत ऐकून मला वाटलं त्यात सायकलवाल्याचं दुकानही येत असावं. नव्याच्या कितीतरी पट! मोटारसायकल जुनी झाली की पडते, म्हैस जुनी झाली की पडते, माणूस जुना झाला की त्याला ओसरीवर बसवतात. पिस्तुलाला एकट्याला हा न्याय नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यावर परदेशी हत्यारं आणून सामान्यांना विकणं सरकारनं बंद केलं. तेव्हा देशात जी वेबली, कोल्ट, वॉल्थर शिल्लक होती तीच या हातातून त्या हातात फिरत आली, आणि दर खरेदीला थोडी इभ्रत चढत गेली.

"चाललंय किती?" मेहुण्यानं स्कूटरवाल्याच्या थाटात विचारलं.

"शपथेवर सांगतो, एकदाही नाही. मालकानं दसऱ्याला पूजा केली, एवढंच."

गंमत अशी, की बाजारातल्या एकूण एक जुन्या पिस्तुलांचा इतिहास हाच असतो. सत्तर वर्षांत कुणी एक गोळी झाडलेली नाही. मग आतली नळी झिजते कशानं, हा प्रश्न पूजा करणाऱ्यांनी सोडवावा.

जुनं घेताना पाहायचं काय, हे सुभेदारांनी शिकवलं होतं. आधी रिकामं आहे का ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, दुकानदारानं बघितलं असलं तरी. मग घोडा चढवून चक्री धरायची, लटपटते का बघायची. नळीत मागून उजेड पाडून आतल्या पिळाच्या रेघा शाबूत आहेत का, गंजाचे खड्डे पडलेत का ते तपासायचं. मी हे सगळं बाजारात बैलाचे दात बघतात तितक्या गंभीरपणे केलं. मालक प्रथमच माझ्याशी आदरानं बोलले. नळीच्या आत मात्र मला चष्म्याच्या खालच्या भिंगातून धुकं आणि वरच्या भिंगातून दुकानातला ट्यूबलाइट एवढंच दिसलं.

"हिचा एखादा पार्ट गेला तर?"

"तर कपाटात ठेवायचं. तसंही कपाटातच असतं."

मेहुण्याचा मात्र इंपोर्टेडवर जीव जडला. दुकानात परवडत नाही म्हटल्यावर त्यानं पलीकडच्या गावातले नाना शोधून काढले. वाडा, कडीपाटाचा झोपाळा, आणि थोरल्या आजोबांचं .३२चं वेबली. नाना विकायला तयार होते. पण घरगुती माणसानं आपलं हत्यार दुसऱ्या परवानेवाल्याला विकायचं तर आधी पोलीस ठाण्याला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. नाना म्हणाले, "देतो कळवून. तोवर येत जा चहाला."

मी जाऊ लागलो. पहिल्या भेटीत ते रिव्हॉल्वर एका गोऱ्या कलेक्टरनं आजोबांना भेट दिलं होतं. पुढच्या भेटीत आजोबांनी ते कलेक्टरकडून पत्त्यांत जिंकलं. त्यानंतर कधीतरी आजोबांनी ते बेचाळीसच्या चळवळीत कलेक्टरकडून हिसकावून घेतलं आणि किंमत त्या हिशेबानं वाढली. ओसरीवर आणखी काही मंडळी नेमानं येऊन बसलेली असायची. एक मास्तर, एक ठेकेदार, एक निवृत्त मंडल अधिकारी. मला वाटलं नानांचा गोतावळा असेल. एके दिवशी मंडल अधिकाऱ्यांनी बाजूला घेतलं. "तुम्हीपण वेबलीवालेच ना?"

"म्हणजे?"

"आम्ही सगळे वेबलीवाले. मास्तर सगळ्यांत जुने. त्यांचा परवाना एकदा नूतनीकरण होऊन आला."

"मग नाना कळवत का नाहीत?"

"कळवतात की. चव्वेचाळिसाव्या दिवशी त्यांचं मन होत नाही. चहा मात्र चांगला असतो."

निमूटपणे नवं घेतलं. मेहुणा रुसला. एका परवान्यावर पूर्वी तीन हत्यारं चालायची, २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन चालतात, तेव्हा दुसरं तरी इंपोर्टेड घ्या, असं म्हणत तो गाडीत बसला. काडतुसांची किंमत ऐकून मी ती मोजून घेतली आणि नेम धरायचा सराव मनातल्या मनात करायचं ठरवलं. पुण्याच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे हे शाळेत असताना तिथल्या मामाकडं गेलो की कौतुकानं ऐकायचो. एक एक दाणा इतका महाग असेल असं तेव्हा मामा बोलला नव्हता.

आता खरं सुख भोगायची वेळ आली होती. कमरेला लावलं. सातशे ग्रॅम हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो. पँटला तो मान्य होईना. उजवी बाजू खाली, डावी वर, अशा अवस्थेत मी पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून घेतली. मग कळलं की सार्वजनिक ठिकाणी हत्यार न्यायचं तर ते नीट म्यानात, झाकून न्यावं लागतं. दाखवत फिरणं, परजणं मना. लग्नात हवेत बार काढणं हा तर २०१९पासून वेगळा गुन्हाच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे जी वस्तू दाखवण्यासाठी घेतली ती दाखवायची नाही. मी सदरा सैल शिवला आणि एका मुंजीला गेलो. लोकांचं लक्ष गेलंच नाही असं नाही. एक ओळखीचे गृहस्थ माझ्या कमरेकडं बराच वेळ पाहत राहिले, मग जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "हर्नियाचं ऑपरेशन कुठं केलंत?" त्यांनी माझ्यासाठी खुर्चीही आणून दिली. प्लॅस्टिकची, पण आणून दिली.

तेव्हापासून ते घरातच असतं. हमीपत्राप्रमाणं रिव्हॉल्वर लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कप्प्यात, दोन्हींच्या किल्ल्या निरनिराळ्या. एक किल्ली सौभाग्यवतींनी ठेवली आहे, आणि त्यांनी नीट ठेवलेली वस्तू त्यांनाही सापडत नाही. मध्यरात्री चोर आला तर मी आधी चष्मा शोधायचा, मग त्यांना उठवून किल्ली शोधायची, मग करकरणारं दार उघडायचं, मग दुसऱ्या किल्लीनं काडतुसांचा कप्पा. तोवर चोराला बसायला पाट आणि प्यायला पाणी द्यावं लागेल. शिवाय चोरानं नेलंच तर ते रिव्हॉल्वरच नेईल आणि मला ठाण्यात जबाब देत बसावं लागेल, ही धास्ती वेगळीच. पूर्वी आम्ही घराला कुलूप लावून कोल्हापूरला देवीला जायचो. आता दोघांपैकी एक जण रिव्हॉल्वरपाशी थांबतो. खंडेनवमीला ते कोयता, विळा आणि शिलाई मशीन यांच्या ओळीत मांडलं होतं. सौभाग्यवतींनी सढळ हातानं पूजा केली. संध्याकाळी मी सुभेदारांना फोन केला, "नळीत कुंकू गेलं तर काय करायचं?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

मग निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतात. पूर्वी सरसकट घ्यायचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९च्या निकालानंतर छाननी समिती बसते आणि ज्यांच्याकडून गडबड होण्याची शक्यता वाटते त्यांचीच मागवते. जामिनावर सुटलेले, गुन्हे नावावर असलेले, मागच्या निवडणुकीत दंगा केलेले असे. गावात चार दिवस एकच चर्चा, नोटीस कुणाकुणाला आली. सोफ्यावरचे एकूण एक यादीत होते. ते एकमेकांना भेटून विचारत होते, "तुम्हाला आली का? आम्हाला कालच आली," आणि खुशीत होते. मी संध्याकाळपर्यंत दुकानात बसून टपाल, कोतवाल, शिपाई यांची वाट पाहिली. नोटीस नाही. दुसऱ्या दिवशी नाही. काहीतरी गफलत असणार म्हणून ठाण्यात गेलो. पूर्वी चौकशीला आलेले तेच हवालदार होते.

"आमचं नाव यादीत दिसत नाही."

त्यांनी वही चाळली. "समितीनं बघितलंय तुमचं. शिरगिणतीत न्हाई."

"का?"

"धोका न्हाई म्हनून."

"मी आपणहोऊन जमा करतो ना. पावती द्या."

"मालक, जागा हाय का हितं? टाकळीच्या एका घरातनंच तीन आल्यात. तुमचं ऱ्हाऊ द्या कपाटात."

मी तिथंच घुटमळत राहिलो. बाहेर उधारीवाला आपलं रिव्हॉल्वर जमा करायला आला होता, चार माणसं संगतीला. हवालदारांनी उठून त्याला खुर्ची दिली आणि आत साहेबांना वर्दी दिली. मग माझ्याकडं पाहून त्यांना जरा कणव आली असावी.

"असं करा," ते आवाज खाली आणून म्हणाले, "फुडच्या टायमाला यादीत यायचं आसंल तर एखादा गुन्हा नावावर पायजे. हाय का?"

"नाही हो."

"शिवीगाळ, धक्काबुक्की?"

"एकदा ग्रामपंचायतीत पाणीपट्टीवरून मोठ्यानं बोललो होतो."

"त्यानं काय हुतंय." ते विचारात पडले. "बघा, तालुक्यात सोसायटीची निवडणूक हाय अजून. तवर काहीतरी जमवा."

मी पायऱ्या उतरू लागलो तशी त्यांनी मागून हाक दिली, "मालक, दखलपात्र बघा. अदखलपात्र आम्ही मोजत न्हाई."